उसाचा रोग ओळखता येईल असा फोटो



हल्ली ऊस पिवळा पडला की मुरुड भागातून आमच्याकडे आधी फोटो येतो आणि माणूस मागाहून. सोय चांगली आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ ची. दोन्ही आपल्यापासून लांब. तेथील तज्ज्ञ रोज आपल्या बांधावर येणार नाहीत, फोटो मात्र घटकाभरात जातो. पण तो पाहून काही सांगता तर आले पाहिजे!

पान उसावर असतानाच फोटो घ्यावा, तोडून नव्हे. कारण पिवळेपणा कोणत्या पानावर आहे यावर पुष्कळ ठरते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी पडले आहे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात ही हमखास दिसते. तोडून हातात धरलेले पान वरचे की खालचे हे कसे कळावे? मग लोह हवे तिथे युरियाचे पोते रिकामे होते, आणि ऊस पिवळा तो पिवळाच.

म्हणून एक फोटो बांधावरून सगळ्या रानाचा, दुसरा एका बेटाचा बुडापासून शेंड्यापर्यंत, आणि तिसरा रोगट भागाचा जवळून, शेजारी निरोगी पान धरून. पानाची पाठ विसरू नये. तांबेऱ्याचे फोड आणि लोकरी मावा पाठीवरच जास्त सापडतात. हा मावा २००२ साली महाराष्ट्रात आला तेव्हा कित्येकांना पांढरी बुरशीच वाटली होती. बेट वाळत असेल तर उपटून पाहावे. सहज हाती आले तर मुळ्यांचा आणि खाली सापडलेल्या हुमणीचा फोटो घ्यावा, जवळ एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. पोंगा ओढताच निघाला आणि घाण वास आला तर कोंब चिरावा. अंगावर पाच जांभळट पट्टे असलेली अळी ही खोडकिडीची. वास फोटोत येत नाही, तो लिहून कळवावा लागतो.

उजेड सकाळचा किंवा चारनंतरचा बरा. दुपारीच घ्यायचा झाला तर पान आपल्या अंगाच्या सावलीत घ्यावे. फोनची काच धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या मऊ सोग्याने पुसावी. निम्मे धूसर फोटो घामाच्या बोटांचे असतात. वाऱ्याने पान हलते, तेव्हा मागे तळहात धरावा, वीतभर अंतर ठेवावे आणि पडद्यावर डागाच्या जागी बोट टेकवून मगच बटण दाबावे. झूम ओढून चित्र फाटते, त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे.

फोटो सुधारायचा तर कडेची नको ती जागा कापावी, अंधारा असेल तर किंचित उजळ करावा, बस्स. रंगाला हात लावू नये. लग्नाच्या फोटोत चेहरा गोरा केला तर चालते, इथे पिवळा रंग हाच पुरावा आहे. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर बारीक ठिपके पुसट होतात.

सोबत गट नंबर, जात (को ८६०३२ की कोएम ०२६५), लागण की खोडवा, लागणीची तारीख, शेवटचे पाणी व खत, आणि रोग एका ठिकाणी आहे की सगळ्या रानात, एवढे जरूर लिहावे.