घर मोठे झाले, अंगण कुठे गेले?

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळींची ही नावे आपल्या चळवळीला नवी नाहीत. 160 चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसे, त्यामुळे पोरे दिवसभर बाहेरच. वरळीत आता त्याच कुटुंबांना चाळीस मजली इमारतीत 500 चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. हक्काचे घर मिळाले, याचा आनंद आम्हालाही आहे. पण घर तिपटीने वाढले तेव्हा मुलांचे धावणे किती उरले, हेही पाहायला हवे.

चाळीत खेळायला कुणाची परवानगी लागत नसे. दार उघडले की खेळ सुरू, आणि लक्ष ठेवायला कुणाची तरी आजी बसलेलीच. पंचविसाव्या मजल्यावरून मुलाला खाली न्यायला मोठे माणूस लागते. खाली गाड्या उभ्या असतात. कामावर गेलेली आई मग सांगते, "दार लावून घे, मोबाईल बघत बस." त्या आईला आम्ही दोष देत नाही. तिला मूल सुखरूप हवे असते.

मात्र मोबाईलसमोर मूल नुसते बसत नाही. ते न मोजता खाते, जाहिरातीतले मागते आणि उशिरा झोपते. वजन या तिन्ही वाटांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून जास्त स्क्रीन नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको.

गावाकडे हा प्रश्न नाही, असे समजू नये. पाच-दहा रुपयांची पाकिटे वस्तीच्या टपरीवरही लटकतात. देशात पाच वर्षांखालील जास्त वजनाची मुले 2015-16 मध्ये 2.1 टक्के होती, ती 2019-21 मध्ये 3.4 टक्के झाली. त्याच पाहणीत 35.5 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. म्हणजे आपल्या वस्तीत दोन्ही दुखणी शेजारी शेजारी राहतात. पिढ्यान्‌पिढ्या उपास सोसलेल्या घराला गुटगुटीत मूल पाहून बरे वाटते. ते स्वाभाविक आहे, पण नुसत्या डोळ्यांनी वजन कळत नाही. मुलांना मोठ्यांचा तक्ताही लावू नका. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मोजून घ्या. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर तो मळ म्हणून घासत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढे मधुमेहाकडे नेणारी ती खूण असू शकते.

मुलाला उपाशी मात्र ठेवू नये. कोसलचा राजा पसेनदी अतिखाण्याने बेजार झाला तेव्हा तथागतांनी त्याला मात्रा शिकवली, आणि त्याचा आहार हळूहळू कमी झाला. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तेवढे राहिले आणि उंची वाढली, तरी भागते.

राहिला जागेचा प्रश्न. रविवारी वंदना संपली की विहाराला कुलूप लागते. ते तासभर उशिरा लावू. सभागृहात लेझीम, दोरीच्या उड्या, बाहेर जागा असेल तर कबड्डी. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलींना आधी बोलवा, कारण त्यांचा खेळ सर्वांत आधी बंद होतो.