व्यावसायिक मेळाव्यातील संभाषण

मेळाव्यात अनोळखी व्यक्तीला विचारलेला ‘कुठून आलात?’ हा प्रश्न केवळ माहितीसाठी नसतो. तो संबंध जोडतो. भाषेच्या या कार्याकडे मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले. पुढे १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवून दिले, की नोकरीची वार्ता जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. म्हणून ओळख देताना पदनामावर थांबू नये. ‘मी लेखापाल आहे’ यापेक्षा ‘लहान दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब मी पाहतो’ हे वाक्य श्रोत्याला पुढचा प्रश्न सुचवते.

स्वाध्याय : आपल्या कामाची ओळख दोन वाक्यांत लिहा.