दुकानातील न दिसणारा संगणक

सातारा-सांगलीकडील एखाद्या लहान कापड दुकानदारास विचारा, 'आपल्याकडे संगणक आहे काय?' तो सरळ 'नाही' म्हणेल. परंतु त्याच्या गल्ल्याजवळ पैसे जमा झाल्याचे मराठीत मोठ्याने सांगणारा डबा असतो. त्यात सिमकार्ड असते. तोही संगणकच.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीचे संशोधक मार्क वायझर यांनी १९९१ मध्येच लिहिले होते की, पुढील काळात संगणक रोजच्या वस्तूंत असा मिसळून जाईल की त्याचे भानही राहणार नाही. आपल्याकडे १९९८ मध्ये वारणा भागात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक योजना आली, तेव्हा शेतकऱ्यास संगणकाच्या खोलीपर्यंत चालत जावे लागे. आता तो न बोलावता आपल्याकडे येतो.

सुरतेहून साताऱ्यास येणारा माल पाहा. परराज्यातून येणाऱ्या ५० हजारांवरील मालास १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. (विट्याच्या मागावरील माल राज्यातलाच, म्हणून तेथे मर्यादा १ लाखाची.) वाटेत आनेवाडीच्या नाक्यावर गाडीच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो आणि २०२१ पासून ही नोंद ई-वे बिलाच्या यंत्रणेशी जोडलेली आहे. पूर्वी बिल्टी सोडवून माल दुकानी आला की आम्ही वहीत लिहीत असू. आता आमची वही सर्वांत शेवटी लिहिली जाते.

जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात हजारो लहान व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. मोठी ओरड झाली, सरकारला नमते घ्यावे लागले. मालाच्या व्यापारास नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख उलाढालीची आहे. भावाने परत केलेले उसने पैसेही दुकानाच्याच क्यूआरवर घेतले, तर ते विक्रीचे नाहीत हे पुढे आपणासच सिद्ध करावे लागते. म्हणून दुकानाचे खाते वेगळे ठेवावे आणि जमा रोज रात्री वहीशी ताडून पाहावी. तसेच डबा बोलल्याशिवाय कापड हातात देऊ नये. मोबाइलवर पैसे गेल्याचे चित्र दाखवून एका गिऱ्हाइकाने आम्हासही फसविले आहे.

एका गोष्टीची चर्चा मात्र व्यापाऱ्यांच्या बैठकीत होत नाही. आमच्याकडे कित्येक बायका घरखर्चातून वाचविलेले पैसे थोडे थोडे आणून देत आणि लेकीच्या लग्नाचे कापड बाजूला ठेवून घेत. घरात कोणास पत्ता नसे. गेल्या वर्षी कोरेगावकडच्या एक खाला यूपीआयने पैसे देऊ लागल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाई, या डब्याचं तोंड बंद होतं का?" आम्ही आवाज कमी केला. पण पैसे गेल्याची खबर मुलाला लागली. आम्ही कापड बांधीत होतो तोवर त्याचा फोन आलाच, 'पैसे कशाचे गेले?'

आता खाला रोख आणतात. आम्ही बिल करतो आणि त्यांचा हप्ता लाल वहीत लिहितो.