गेटर, सेटर आणि दारावरची खूण

ज्या विद्यार्थ्यांस जावा भाषेंत संकेतस्थळ रचण्याची गोडी लागली आहे, त्यांच्यासाठीं आम्ही हा लहानसा पाठ लिहीत आहों. विषय रुक्ष दिसतो खरा. परंतु तो नीट न समजल्यास दुसऱ्याचें नुकसान होतें, म्हणून तो लक्षपूर्वक वाचावा.

एक उदाहरण घेऊं. शाळाप्रवेशाच्या फॉर्मांत विद्यार्थ्यानें आपलें नांव व गांव भरावयाचें आहे. फॉर्म पाठविला म्हणजे 'गांव=नेवासें' अशा जोड्या सर्व्हरकडे जातात; त्यांस रिक्वेस्ट पॅरामीटर म्हणतात. अपाचे स्ट्रट्स हें फ्रेमवर्क जोडींतील नांव पाहून त्या नांवाचा सेटर शोधितें व मूल्य त्याच्या स्वाधीन करितें. सेटर म्हणजे वस्तूच्या आंत मूल्य ठेवणारी मेथड. गेटर म्हणजे आंतील मूल्य बाहेर आणून देणारी मेथड. पॅरामीटराचें नांव 'विद्यार्थी.गांव' असें टिंबयुक्त असेल, तर फ्रेमवर्क प्रथम विद्यार्थी ह्या वस्तूचा गेटर चालवितें आणि हातीं आलेल्या वस्तूवर गांवाचा सेटर चालवितें.

धोका येथेंच आहे. फॉर्मावर रकाने दोनच असले, तरी पाठविणाऱ्यास तिसरी जोडी घालतां येते. कोणी 'विद्यार्थी.फीमाफी=होय' असें लिहून पाठविलें आणि तसा सेटर आंत असला, तर मुख्याध्यापकांच्या संमतीवांचून फी माफ झाली! ज्या गरीब मुलाकरितां ती सवलत राखिली होती, त्याच्या तोंडचा घांस गेला.

गेटर केवळ वाचून दाखवितो, तो निरुपद्रवी, असें पुष्कळांस वाटतें. हा भ्रम होय. जावांतील प्रत्येक वस्तूस 'गेटक्लास' हा गेटर जन्मजात असतो. इ. स. २०१४ सालीं असें उघडकीस आलें कीं, 'क्लास' ह्या पॅरामीटराच्या वाटेनें बाहेरच्या माणसास स्ट्रट्समधील क्लासलोडरापर्यंत पोहोंचतां येतें. २०२२ सालीं स्प्रिंग फ्रेमवर्कांतहि ह्याच जातीची फट सांपडली.

पूर्वीं नको असलेल्या नांवांची यादी करून तीं गाळीत असत; पण चोराच्या सर्व वाटा आधीं कोणास ठाऊक असणार? म्हणून २०२४ सालीं स्ट्रट्सच्या ६.४ ह्या आवृत्तींत 'स्ट्रट्सपॅरामीटर' हें अॅनोटेशन आलें. तेथें त्याची सक्ती ऐच्छिक होती. सातव्या आवृत्तीपासून ती मूळचीच चालू असते. ज्या मेथडीवर ही खूण नाहीं, तिच्या वाटेनें पॅरामीटर आंत जात नाहीं.

खूण कोठें लावावी, हें आतां पाहूं. साधें मूल्य थेट घ्यावयाचें असल्यास ती सेटरवर लावावी. 'विद्यार्थी.गांव' असें एक पायरी आंत जावयाचें असल्यास ती विद्यार्थी ह्या वस्तूच्या गेटरवर लावून 'डेप्थ' म्हणजे खोली १ लिहावी. 'विद्यार्थी[०].गांव' अशी यादी असल्यास कंस ही एक पायरी व टिंब ही दुसरी. म्हणून खोली २. खूण विसरल्यास फॉर्म पाठविणाऱ्यास कांहीं चूक दिसत नाहीं. तो रकाना मुकाट्यानें रिकामा राहतो. तेव्हां प्रथम खूणच तपासावी.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. गेटरवर खोली १ लिहिली कीं त्या वस्तूच्या आंतील सर्वच सेटर उघडे होतात, फीमाफीचाहि! म्हणून फॉर्मासाठीं निराळी लहान वस्तु करावी, तींत नांव व गांव एवढेंच ठेवावें, आणि खूण तिच्याच गेटरवर लावावी. खोलीहि गरजेपुरतीच द्यावी. पुढें लागेल म्हणून अधिक देऊं नये.

मेंढवाड्याचा दाखला आपण शास्त्राच्या तासाला ऐकिला आहे. भिंत कितीहि उंच असली, तरी दार कोणतें हें ठरलेलें असावें व तेथें द्वारपाळ जागा असावा. प्रोग्राम लिहिणारा हा असाच द्वारपाळ आहे. आंत ठेविलेलें धन बहुधा त्याचें स्वतःचें नसतें, तर त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्यांचें असतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं सदैव ध्यानांत ठेवावें.