घरातील वीज आणि देशाची हवा

कारखान्यांच्या धुराने हवा तापते. त्यात आमच्या घराचा काय दोष, असे आपण सहज म्हणतो. परंतु आपल्या देशातील विजेचा सुमारे चौथा हिस्सा घरांत खर्च होतो, आणि ही वीज आजही बहुतांशी कोळसा जाळूनच तयार होते. आपण एक युनिट वापरले, की त्यामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो धूर आपणांस दिसत नाही, एवढेच.

मग घराने काय करावे? २०१५ पासून उजाला योजनेमुळे अनेक घरांतून ६० वॉटचे दिवे जाऊन ९ वॉटचे एलईडी आले. पंखा मात्र जुनाच राहिला. तो सुमारे ७५ वॉट वीज घेतो. नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. रोज १० तासांप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १३५ युनिटे वाचतात. म्हणजे जवळजवळ ९५ किलो वायू.

नवा पंखा महाग असतो, हे खरे. ज्याच्या घरी एकच पंखा आहे, त्याला आपण हा उपदेश करू नये. ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनी आधी तो २४ अंशांवर ठेवावा. ज्याचे बिल मोठे, त्याची जबाबदारी मोठी, असे आम्हांस वाटते.

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन साधण्याचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगो येथे दिले. ते पाळण्यात आपल्या घराचाही वाटा आहे.

अभ्यासासाठी : उन्हाळ्याचे व हिवाळ्याचे बिल शेजारी ठेवून युनिटे पाहा. फरक कशामुळे पडला, हे घरातील सर्वांनी मिळून शोधावे.