दुहेरी साखळी : सी भाषेतील एक माहिती-रचना

रायपूरच्या गोल बाजारातील एखाद्या गल्लीत दोन दुकानांच्या मध्ये नवे दुकान घालावयाचे झाल्यास पुढील सर्व दुकाने सरकवावी लागतील. संगणकाच्या स्मृतीत लगतच्या जागांवर ओळीने मांडलेल्या माहितीची स्थिती अशीच असते. यावर उपाय असा की, दुकाने कोठेही असोत, प्रत्येकाने पुढील दुकानाचा पत्ता आपल्यापाशी लिहून ठेवावा. हीच साखळी-यादी होय. मागील दुकानाचाही पत्ता ठेवला की ती दुहेरी होते. जोसेफ वायझेनबाउम यांच्या १९६३ मधील 'स्लिप' या प्रणालीत अशी दोन्ही दिशांनी जोडलेली यादी होती.

सी भाषेत प्रत्येक कडी म्हणजे एक 'स्ट्रक्चर'. त्यात माहिती आणि दोन पत्ते असतात. पत्ता धारण करणाऱ्या चलास 'पॉइंटर' म्हणतात. ६४ बिटांच्या यंत्रावर त्यास सामान्यतः ८ बाइट लागतात. म्हणजे १,००० कड्यांच्या मागील पत्त्यांपायी ८,००० बाइट अधिक खर्ची पडतात. हा खर्च कशासाठी करावयाचा?

समजा, क, ख, ग या कड्यांपैकी ख काढावयाची आहे व केवळ तिचाच पत्ता हाती आहे. एकेरी यादीत क शोधण्यासाठी प्रारंभापासून चालत यावे लागते. दुहेरी यादीत ख स्वतःच दोन्ही शेजाऱ्यांचे पत्ते सांगते. क चा 'पुढील' पत्ता ग कडे व ग चा 'मागील' पत्ता क कडे वळवावा. त्यानंतरच ख ची जागा 'फ्री' या आज्ञेने परत करावी. यादी कितीही लांब असो, श्रम तेवढेच.

मात्र क्रम पाळणे अत्यावश्यक आहे. जागा आधी परत केल्यास ख मधील पत्ते विश्वसनीय राहत नाहीत, आणि सी भाषा तशी सूचना देण्यास बांधलेली नाही. क व ख यांच्यामध्ये न ही नवी कडी बसविताना प्रथम न चे दोन्ही पत्ते भरावेत, मग ख चा 'मागील' व शेवटी क चा 'पुढील' पत्ता बदलावा. क चा पत्ता आधीच बदलला व ख चा पत्ता अन्यत्र नोंदलेला नसला, तर पुढील दुकाने जागच्या जागी असूनही तेथे जाण्याची वाट तुटते.

टोकाच्या कड्यांना एकच शेजारी असतो. दुसऱ्या पत्त्याच्या जागी 'नल' असते व ते प्रत्येक वेळी तपासावे लागते. दोन्ही टोके एका रिकाम्या प्रमुख कडीस जोडली, तर यादी गोल होते आणि ही तपासणी टळते. लिनक्सच्या गाभ्यात अशाच वर्तुळाकार दुहेरी याद्या वापरतात.

अभ्यासकाने कागदावर तीन चौकोन व बाण काढून प्रत्येक बदल क्रमाने करून पाहावा. मगच आज्ञावली लिहावी.