गाडी का तापली?

पिंपळे सौदागरचा एक गाडीवाला. त्याची जुनी डिझेल पिकअप. गाडीवर कर्ज होते.

एके दिवशी तो चाकणहून कांदा भरून निघाला. नाशिक फाट्यापाशी तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. उभी गाडी थडथडू लागली. घाईघाईने तो रेडिएटरचे झाकण फिरवू लागला.

गॅरेजचा मिस्त्री ओरडला, "दादा, हात मागे घ्या! आत उकळते पाणी दाबात आहे. तोंड भाजेल!"

इंजिन बंद केले. पुरते निवल्यावर झाकणावर फडके धरून ते उघडले. पाणी कमी होते. मग ते गेले कुठे?

मिस्त्रीने क्रमाने पाहिले. पाण्याचे पाइप कोरडे. पंख्याचा पट्टा ताठ. रेडिएटरची जाळी साफ. मग त्याने तेलाची पट्टी काढली. तेल दुधासारखे दिसले!

"सकाळी पांढरा धूर येतो का?"

"महिनाभर येतोय. रोज पाणीही घालतो."

"मग हेडचे गॅस्केट गेले. पाणी तेलात नि सिलिंडरात शिरते. सिलिंडरचा दाबही निसटतो. म्हणून गाडी तापते आणि थडथडते. तशीच हाकली असती तर इंजिन बसले असते."

मंडळी, ध्यानात ठेवा. पाणी रोज का कमी होते, ते पहिल्याच आठवड्यात विचारा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते. गाडी नुसती थडथडत असेल, तापत नसेल, तर आधी डिझेलचा फिल्टर पाहा.

सांगा पाहू :
१. गरम झाकण का उघडू नये?
२. तेल दुधाळ का झाले?